ताईचं रुखवत

रुखवत हा शब्द कुठून आला, हे मी दोन-चार जाणत्या माणसांना विचारून पाहिलं. प्रत्येकानं वेगळंच सांगितलं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. एवढं मात्र सगळे कबूल करतात की पूर्वी रुखवत म्हणजे लग्नाआधी नवरदेवाकडे न्यायचं खाणं. आमच्या वेळेपर्यंत त्यात खायचं थोडं आणि बघायचं जास्त झालं होतं. काड्यापेटीच्या काड्यांचं घर, सुपारीचे नवरा-नवरी, कापसाचा हंस. मांडवात खाटेवर हे सगळं मांडायचं आणि मुलगी किती गुणाची ते दाखवायचं. बैल घेताना दात बघतात, त्यातलाच हा प्रकार.

माझ्या ताईनं पेडगावच्या घरात वर्षभर खपून तिचं रुखवत केलं. तिचा जीव होता मण्यांच्या पोपटात. हिरवे मणी संपले, आईनं परभणीहून आणले ते निळे निघाले, तर हिनं शेपटी निळी करून टाकली. असला पोपट कुणी पाहिलाय का, म्हणून आईनं तिला पुष्कळ चिडवलं, आणि येईल-जाईल त्याला तोच आधी दाखवला.

लग्नात ताईच्या सासूबाई त्या खाटेसमोर उभ्या राहिल्या. नाक मुरडून म्हणाल्या, "आमच्या टायमाला रुखवत म्हंजे लाडू-करंज्या. ह्ये पोपट काय चाटायचेत?" वऱ्हाडातल्या बायका हसल्या. मग त्या न चाटायच्या पोपटासकट सगळं पेटीत भरून ताईच्या सासरी पूर्णेला नेलं.

तिथं पेटी माळ्यावर गेली. निदान हंस तरी कपाटात ठेवू का, असं ताईनं एकदा विचारलं, तर धूळ कोण पुसणार, असं उत्तर मिळालं. हिला काहीच येत नाही, हे त्या घरात पक्कं ठरलेलं होतं. भाकरी जाड, चहा गोड, शिवणीचा टाका वाकडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे तिच्या देखत सांगितलं जायचं.

पुढं नणंदेचं लग्न ठरलं. नणंदेला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा, आणि नवऱ्या मुलाकडची माणसं रुखवत बघणारी. पेटी खाली आली. सासूबाईंनी ताईकडून एकेक वस्तू पुसून घेतली, हंसाचा पिवळा पडलेला कापूस बदलून घेतला. ताईचं अक्षर चांगलं, म्हणून 'वधूची हस्तकला' ही नणंदेच्या नावाची पाटीसुद्धा तिच्याकडूनच लिहून घेतली. हे सगळं तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

लग्नाला आई आणि मी गेलो. खाटेवर निळ्या शेपटीचा पोपट दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच आईनं माझा दंड असा दाबला की वळ उठले. ताई खाटेजवळच उभी होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ती आईकडे बघत होती. तिला भांडण नको होतं. हे माझ्या लेकीच्या हातचं आहे, एवढं एकदा कुणीतरी म्हणावं, इतकंच तिला हवं होतं.

सासूबाई मुद्दाम पुढं आल्या. चारचौघींत त्यांनी आईला विचारलं, "काय विहीणबाई, कसं हाय आमच्या पोरीचं काम?"

आईनं पोपट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"लय गुणाची हाय तुमची लेक," ती म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाली, "आमच्या पोरीला बी शिकवा म्हनावं कायतरी."

सासूबाईंचं समाधान झालं. त्या दिवशी आपण लेकीचा संसार सावरला, असं आईला मरेपर्यंत वाटत होतं. ताईनं सासूबाईंना पुढं माफही केलं, अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं हगणं-मुतणं काढलं. आई गेल्याचा निरोप पोचला तेव्हा मात्र ती लगेच निघाली नाही. तेराव्याला आली, पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं पूर्णेला परत गेली.