मुकटा आणि चामड्याची सीट

वडिलांचा श्रावणी सोमवारचा नेम कडक होता. टेकडीवरच्या महादेवाचे तीर्थ घरी येईपर्यंत ते पाण्याचा थेंबही घेत नसत. तीर्थ आणण्याची सेवा माझी. मानोऱ्याजवळच्या आमच्या गावापासून देऊळ दोन कोस; पायी जाऊन येण्यात अर्धा दिवस सरे. सत्तरीच्या दशकातील त्या सोमवारी वडिलांना ताप भरला होता. ओठ सुकले, तरी नेम मोडीनात. आईने तीर्थाचा तांब्या माझ्या हाती दिला.

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. शेजारी राहणाऱ्या गणिताच्या मास्तरांनी आपली सायकल आमच्या दारात आणून लावली.

"गुर्जी, पायी कायले जाता? बुढा पान्याबिगर सुकून राह्यला."

"मला सडकेवरच जेमतेम जमते, ही तर गाडवाट. शिवाय येताना अंगावर रेशमी मुकटा असणार. सोवळ्यात चामड्याच्या सीटवर कसा बसू?"

"मंग नका बसू! उभ्यानंच उतरा. तसंबी उतारावर बसला तो पडला." बोलता बोलता त्यांनी पान्याने दोन्ही मडगार्ड काढले. काळी माती त्यात भरली की चाक फिरत नाही, म्हणाले. "गुडघे वाकवा, हात सैल सोडा. अन् पुढचा ब्रेक दाबला, तर महादेव तिथंच भेटंन."

जाताना अर्ध्या वाटेवर मी सायकलवर होतो, अर्ध्या वाटेवर सायकल माझ्या खांद्यावर. देवळाच्या कुंडात स्नान करून मुकटा नेसलो. रुद्र म्हणताना मन घरी धावत होते. एक अनुवाक सुटला, तो पुन्हा म्हणावा लागला. त्याची लाज अजून वाटते.

तीर्थाने भरलेल्या तांब्याचे तोंड धूतवस्त्राने बांधून तो गळ्यात अडकवला आणि पायडलवर उभा राहिलो. मुरमाचा उतार सुरू झाला. गुडघ्यांत दगड वाजत होते, पण चाक तोल धरून होते. नाल्याजवळ मात्र पुढचे चाक बैलगाडीच्या चाकोरीत उतरले आणि मी धपकन सीटवर बसलो.

तीर्थ सांडले नव्हते. सोवळे गेले होते. शास्त्राप्रमाणे परत जाऊन स्नान करायला हवे होते, नवे तीर्थ घ्यायला हवे होते. सूर्य डोक्यावर आलेला. दोनदा सायकल देवळाकडे वळवली, दोनदा गावाकडे. शेवटी घर गाठले.

"सांडलं काय?" वडिलांचा आवाज कोरडा होता.

"नाही. पण वाटेत चामड्यावर बसलो."

ते भिंतीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "ज्याचं तीर्थ आणलंस, तो काय पांघरतो रे?"

"गजचर्म."

"मग ओत."

वडिलांनी तीन वेळा तीर्थ हातावर घेतले आणि आईकडे पेलाभर पाणी मागितले. ते घटाघटा प्याले. तो निर्णय शास्त्राचा होता की तहानेचा, हे विचारण्याचे धैर्य मला त्यांच्या हयातीत झाले नाही.