रिकाम्या सीटचा पायलट

अंधेरीच्या विमानतळावर हैदराबादच्या गेटसमोर तो माझ्या शेजारी बसला होता. खांद्यावर पायलटच्या पट्ट्या, मांडीवर घावनांचा डबा. राहायला बोरिवलीला, पण छोटी विमानं उडवायची ती हैदराबादहून, म्हणून कामावर जायलाही विमानच. कंपनीचा पास होता, पण सीट रिकामी राहिली तरच त्याला बसवायचे. हल्ली तर त्या पासलाही फी लागली होती, सीट मिळो न मिळो.

“लोकांची फ्लाइट चुकावी म्हणून देव पाण्यात ठेवणारा पायलट बघितलाय कधी?” असं म्हणून त्याने मोबाइलच्या नकाशावर अंधेरीचा रस्ता दाखवला. रस्ता लाल होता आणि तो खूश होता.

गेट बंद व्हायला आलं. एकच प्रवासी आला नव्हता. काउंटरवरच्या मुलीने याला हाक मारली आणि तेवढ्यात लांबून एक मावशी पिशवी सावरत धावताना दिसल्या.

“थांब गं जरा, आल्या त्या,” असं तिला सांगून तो पळत गेला आणि त्यांची पिशवी घेऊन आला.

“अरे, माझ्यापायी तुझी फ्लाइट जाईल ना,” मावशी धापा टाकत म्हणाल्या.

“माझी पुढची आहे, मावशी.”

रांगेत मी शेवटचा होतो. आत शिरताना मागे बघितलं, तर तो घावन खात पुन्हा मोबाइलवर रस्ता बघत होता. अंधेरीत ट्रॅफिक तुंबावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.