मदरबोर्डवरचं कुंकू

आज खंडेनवमीला कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरना हळदकुंकू वाहिलं. त्या वासानं मला सहा वर्षांपूर्वीचं म्हसवडचं घर आठवलं.

घरी गाणी रेकॉर्ड करता यावीत म्हणून मी साताऱ्याहून सुटे भाग आणून पहिला कॉम्प्युटर जोडला होता. आईनं पूजा करताना उघड्या कॅबिनेटमध्ये बोट घालून थेट मदरबोर्डलाच कुंकू लावलं.

"लय ग्वाड वाजू दे रं, देवा."

मी बटण दाबलं, तसा आत जाळ झाला.

"तुला काय कळतंय? अडाणी हायस तू!" पूजेला आलेल्या शेजारणींसमोर मी ओरडलो. आई बोटावरचं कुंकू पदराला पुसत बाहेर गेली.

पुढं दुकानदारानं दाखवलं, मदरबोर्डखाली माझ्याच हातून एक स्क्रू राहिला होता. त्यानंच शॉर्टसर्किट झालं होतं. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

नव्या कॉम्प्युटरवरची माझी गाणी ती खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच ऐकते.

"आत न्हाई येत बाबा," म्हणते, "परत बिघडंल."