चुडा उतरला नाही

रुपीबाईच्या पायाले भिंगरी होती. दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यातली ही बाई बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात डोकावून जाये, पण बाकड्यावर कधी टेकली नाही. नवरा लवकर गेला, तवा उघड्या हातांनी तिनं लेकाले, बादलले, एकटीनं वाढवलं. जिभेनं तिखट. मी प्रभावती, तिथं काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढत होती, अन् मीही काही गोड नाही. म्हणून आमचं जमे.

कापसाले भाव नव्हता, खरेदी केंद्रापुढं गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहत, त्या साली ती सुनेले जीपमधून घेऊन आली. संगीताले आठवा महिना. बीपी लय वाढलेलं, हातपाय सुजलेले, डोळ्यापुढं अंधारी. डॉक्टरांनी नाडी धरली तं मधूनच ठोका गळत होता. मले बाजूले घेऊन म्हणाले, बीपी उतरवायचं एक औषध काळीज मंद करते, दुसरं पळवते. कोणतं द्यायचं ते पट्टी पाह्यल्याबिगर समजत नाही. चुकलं तं जीव जाईन, अन् उशीर झाला तं झटके येतीन.

मी चिमटे घेऊन गेली, तं हातावर जागाच नाही. मनगटापासून कोपरापावतो बांगड्या, कोपरावर खांद्यापावतो चुडा, सगळं सुजेनं मांसात रुतलेलं. खांद्यावर चिमटा लावून पाह्यला. पोरगी थरथरून राह्यली, बांगड्या वाजून राह्यल्या, पट्टीवर नुसत्या काट्याकुट्या. मी म्हटलं, साबण लावून काढा सगळं.

रुपीबाई आडवी आली. नवरा जिता असताना चुडा उतरवत नाहीत, म्हणे. अन् बादल कापसाची गाडी घेऊन यवतमाळले गेलता, त्याचा काही निरोप नव्हता. त्या साली घराबाहेर गेलेला माणूस परत येईन याचा भरोसा कोणाले होता? तिच्या शेजारचा तरणाताठा माणूस असाच कापूस घेऊन गेलता, अन् कर्जापायी जीव देऊन बसला. चुडा उतरवायचा म्हणजे बादलच्या मरणाले आवतण द्यायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोरापायी सुनेले मारता काय, रुपीबाई?"

 ती दार ते खाट, खाट ते दार चालत राह्यली. दारात जाऊन रस्त्याकडं पाहे, फिरून येऊन सुनेच्या कपाळाले हात लावे.  तेवढ्यात संगीता म्हणे, आता काहीच दिसत नाही.

रुपीबाई थांबली. साबणाची वडी माह्या हातातून ओढली. एकेक बांगडी सुनेच्या हातातून काढे, अन् खाली न ठेवता आपल्या हातात चढवे. विधवा बाई अन् हातात चुडा! बाजूच्या खाटेवरच्या बाईनं तोंडाले पदर लावला.

"चुडा उतरला नाही," ती मले म्हणे. "माह्या हातात हाय. देवाले कोपायचं असंन तं माह्यावर कोपू दे."

आता पट्टी वाचता आली. ठोका खरंच अडत होता. डॉक्टरांनी मंद करणारं औषध टाळलं, दुसरं दिलं, अन् सासूसुनेले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं लेक झाली, अन् दोघीही वाचल्या. बादल पत्ता काढत तिथं पोचला, तं याडीच्या, म्हणजे मायच्या, हातात बायकोचा चुडा. संगीता गेली असंच त्याले वाटलं, अन् तो पायऱ्यांवर मटकन बसून रडला. रुपीबाईनं त्याले उठवून आत नेलं अन् त्याच्यासमोर सुनेले चुडा परत चढवला.

पुढं महिन्याभरानं ते लेकराले घेऊन तपासाले आले. रुपीबाई उभीच. पदर सरकला तं उजव्या हातात एक बांगडी दिसली. तांड्यातल्या बाया बोलत असतीन, म्हणून झाकलेली. मी विचारलं, ही काहून ठेवली?

"निघतच नाही वं," ती म्हणे.

हात तं वाळून काडी झालेला. लेकराले घ्यासाठी तिनं तो वर केला, तशी बांगडी घसरत पार कोपरापावतो गेली. मी म्हटलं, नाही निघत तं राहू द्या.