माझ्या अंगातनं किती वीज गेली

"हात लाव," मिस्त्री म्हणाला.

मी शिडीवरनं तारेला हाताची मागची बाजू लावली. झटका बसला. कोपर भिंतीवर आपटलं.

"हाय की करंट," तो खालनं म्हणाला, आणि खटका बंद करायला गेला.

सोलापुरात एका कापडगिरणीत मी वीजखात्यात बिगारी होतो. तार चालू की बंद हे बघायला मिस्त्रीकडं दिवा होता. पण तो पेटीतनं काढायचा, दोन टोकं लावायची, एवढं कोण करणार? मी होतोच. पकड त्यानं माझ्या हातात कधी दिली नाही. जमिनीवर ठेवायचा, मी उचलायची. त्याला माझा विटाळ व्हायचा. माझ्या अंगातनं गेलेल्या विजेचा होत नव्हता.

तीन वर्षं हे चाललं. राग यायचा नाही. भाकरी मोडताना बोटं कळायची नाहीत. बायकोनं विचारलं तर म्हणायचो, "काय न्हाय. काम हाय."

वस्तीत एक मास्तर रविवारी मोठ्या माणसांना शिकवायचे. एकदा त्यांनी ओहमचा नियम सांगितला. विजेचा दाब भागिले वाटेतला अडथळा, म्हणजे प्रवाह. दाब दोनशे वीस व्होल्ट, दिव्याचा अडथळा चारशे चाळीस ओहम. मी पाटीवर भाग दिला. अर्धा अँपिअर.

"बरोबर."

"मास्तर, माणसाच्या अंगाचा अडथळा किती?"

त्यांनी पुस्तक चाळलं. "कातडी कोरडी असली तर दहा हजारांच्या आसपास. घामानं भिजली तर हजारावर येतो. का रे?"

मी दोनशे वीसला हजारानं भागलं. शून्य दशांश दोन दोन अँपिअर.

मास्तर पाटीवर वाकले. म्हणाले, "याच्या निम्म्यानं माणूस मरतो. हात क्षणात सुटला तरच वाचतो."

मला काही वाटलं नाही. गिरणीत आम्ही कायम घामानं भिजलेले असायचो, एवढंच आठवलं.

सोमवारी मिस्त्रीनं परत तार दाखवली. "हात लाव."

"न्हाय. दिवा लावून बघा."

"काय झालं तुला?"

"दोनशे वीस भागिले हजार. तुमी करून बघा."

तो बोटांवर मोजायला लागला आणि मधेच थांबला. त्याला भागाकार येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. दुपारच्या आत मी गेटाबाहेर होतो.

वस्तीतले आणखी सहा जण त्याच खात्यात बिगारी होते. संध्याकाळी त्यांच्यापुढं पाटी ठेवली.

"काढून टाकतील की," त्यातला थोरला म्हणाला.

"टाकू द्या. आदी भाग द्या."

त्यानं दिला. पाटी पुढच्याकडं सरकवली.

माझी दोन बोटं आजही बधिर आहेत. पण कुणी हुकूम केला म्हणून मी परत तारेला हात लावला नाही. आमच्यातल्या कुणाला लावूही देणार नाही.