कावळ्यांशी बोलणी करणारे मंत्रीजी

जपानमधल्या आमच्या फुनाबोरीतले कावळे फक्त एका माणसाला मान लववून नमस्कार करत. बायको म्हणते, मी फुगवून सांगतो. पण तिने पाहिलेलं नाही, मी पाहिलंय.

तो माणूस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे मंत्रीजी. तिबेटच्या निर्वासित सरकारात एकेकाळी खरेखुरे मंत्री, आता मुलीकडे राहायला आलेले. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये मी बायकोला म्हणालो, "हे जपानी आजोबा काय ताडमाड आहेत बघ!" आजोबा वळले. "जपानी कोन म्हन्ते मले? मी भंडाऱ्याचा आहो ना भाऊ!" माझं तोंड असं उघडं राहिलं की आमचा मजला आला, गेला, पुन्हा आला. भंडाऱ्याकडच्या निर्वासित वसाहतीत ते वाढले होते आणि तरुणपणी नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकत होते.

मंत्री असताना त्यांनी भरसभेत सांगितलं होतं, "स्वातंत्र्याचा हट्ट सोडा, चीनशी बोला. निदान पोरांची शाळा तरी आपल्या भाषेत मागून घ्या." अर्ध्या सभेने टाळ्या वाजवल्या, अर्धीने 'गद्दार' म्हणून बाकं बडवली. खुर्ची गेली. मी विचारलं, "चुकलात असं वाटतं का?" म्हणाले, "चुकलो नाही. लवकर बोललो."

'गद्दार' हा शब्द पहिल्यांदा ओरडला तो दावाने. दोघं एकाच वसाहतीतले, एकाच गठ्ठ्यातले स्वेटर विकलेले. दावाचं नूडल्सचं दुकान आमच्या इमारतीसमोरच. वीस पावलांचा रस्ता, पण दोघांत बोलणं नाही. मंत्रीजींच्या कोटाच्या खिशात मात्र दावासाठी एक पांढरा रेशमी खाता कायम घडी करून ठेवलेला. तिबेटी लोक मान देताना देतात तो पट्टा.

इथे जाळायचा कचरा ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात. त्या दिवशी कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून त्यांवर निळी जाळी पसरायचं काम मंत्रीजींनी मागून घेतलं होतं. जाळीबाहेर कावळ्यांसाठी ते ब्रेडचा तुकडा ठेवत. "त्यायचा वाटा देल्ला का जाळी फाडत नाहीत." दावा दुकानाच्या दारातून आम्हाला ऐकू येईल असं ओरडे, "पाहा! कावळ्यायलेही अर्धं देऊन बसला!"

मंत्रीजी कायमचे वसाहतीत परतायला निघाले, तेव्हा आम्ही घरी निरोपाचा कार्यक्रम केला. शाल, श्रीफळ, सगळं पुणेरी. दावाला मी हाताला धरून आणलं. मंत्रीजींनी खिशातला खाता पुढे केला. दावाने तो हातात घेतला आणि नुसता उभा राहिला.

आपल्याकडे सत्कारमूर्तीच्या हातातला हार यजमानाने लगेच बाजूला ठेवायचा असतो. मी तत्परतेने म्हणालो, "द्या इकडे," आणि खाता उचलून नारळाच्या ताटात ठेवला.

"काय करून राहिला बे!" दोघं एकदम गरजले. "तो परत माह्या गळ्यात घालाचा राह्यते!" मंत्रीजी कपाळ बडवत म्हणाले. "अक्कल गहाण ठेवली का?" असं म्हणत दावाने ताटातून खाता खेचला आणि रागारागात, मला शिव्या घालत, मंत्रीजींच्या गळ्यात घातला. मग त्याला कळलं, आपण काय केलं ते. हात तसेच त्यांच्या खांद्यावर राहिले.

"इतक्या वर्षांत," मंत्रीजी डोळे पुसत म्हणाले, "आमचं पहिल्यांदा एकमत झालं. हा मानूस येडा आहे."

मोठमोठ्यांना न जमलेली बोलणी मी पाच सेकंदांत तडीस नेली, याची कुठे नोंद नाही.

गेल्या हिवाळ्यात मंत्रीजी तिकडे वसाहतीतच वारले. दावा अजून म्हणतो, "चुकलाच होता तो." मात्र कचऱ्याच्या दिवशी सकाळी जाळी तोच पसरतो. आणि इकडेतिकडे पाहून, जाळीबाहेर ब्रेडचा तुकडा ठेवतो.