घोड्याची जाहिरात कुणी दिली?

बावीस वर्षांच्या संसारात यमुना मोहिते हिने नऊ वेळा बिऱ्हाड बांधलं. नवरा जयसिंग फौजेत सुभेदार. शेवटची बदली लखनऊ छावणीत झाली, तिथूनच तो निवृत्त झाला, आणि गावी कराडला परतायचं सोडून दोघांनी तिथल्याच वृंदावन योजना या वसाहतीत दोन खोल्या घेतल्या.

एवढ्या वेळा ट्रंका भरलेल्या बाईने सामान-वाहतुकीच्या कंपनीत फोन घ्यायची नोकरी धरली, यात नवल नव्हतं. नवल हे, की दोन वर्षांत ती त्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या जाहिराती बघू लागली. गूगलवर कुणी सामान हलवणारे शोधले की आपली जाहिरात वर दिसावी, म्हणून कुठल्या शब्दांवर बोली लावायची, हे ती ठरवायची. तिने बेचाळीस शब्द धरले होते. सगळे तोंडपाठ, मनाच्या श्लोकांसारखे.

पण २०१३ च्या मार्चमध्ये, ऐन बदल्यांच्या दिवसांत, कानपूर रोडची एक बडी कंपनी रोज तिच्या वर दिसू लागली. मालक मोहनजी वैतागले.

"भाभीजी, ये लोग कौन-से शब्द ख़रीद रहे हैं, पता कीजिए. सुना है उसके लिए भी सॉफ़्टवेअर आता है."

येत होतं. यमुनेने दोन सॉफ्टवेअर पंधरा दिवसांच्या चाचणीवर घेतली. मोहनजींनी सांगून टाकलं, "शनिवार तक बताइए, कौन-सा लें. ठीक निकला तो विज्ञापन आपके. नहीं तो एजेन्सी को दे देंगे, आप फ़ोन सँभालिए."

तिला फोन नको होता. आयुष्यात पहिल्यांदा असं काम मिळालं होतं, ज्यात रोज सकाळी काहीतरी नवं दिसायचं.

दोन्हींत त्या बड्या कंपनीचं नाव टाकलं. एकाने दोनशे शब्द दाखवले, दुसऱ्याने साठ. खरं कोण बोलतंय?

जेवताना तिने जयसिंगला विचारलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "अगं, नवी रायफल हातात आली की शत्रूवर झाडत नाहीत. आधी ठाऊक असलेल्या अंतरावर, ठाऊक असलेल्या निशाणावर मारून बघतात."

"म्हणजे मी स्वतःवरच गोळी झाडू?"

"झाड की! बेचाळीस शब्द पाठ आहेत ना तुझे?"

दुसऱ्या दिवशी तिने दोन्हींत स्वतःच्याच कंपनीचं नाव टाकलं. दुसऱ्याने सतरा शब्द दाखवले, सतराही तिचेच. पहिल्याने एकशे दहा दाखवले. त्यांत तिचे जेमतेम तीस, बाकी कुठलेतरी. एक तर होता 'घोडा ट्रान्सपोर्ट'.

"नयना, आपण घोडे नेतो का गं?" तिने शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं. नयना मूळची नागपूरची, पण जन्म लखनऊच्याच महानगर मोहल्ल्यातला.

"नहीं तो, आंटी! गधे ज़रूर नेतो, वो दो ड्राइवर हैं ना."

पहिलं खोटारडं, असं लिहून यमुना मोकळी होणार होती. पण घोडा डोक्यातून जाईना. खोटंच सांगायचं तर इतकं विचित्र कोण सांगेल? तिने गूगलवरच्या जाहिरात-खात्यातली दुसरी यादी उघडली. लोकांनी नेमकं काय टाइप केलं तेव्हा आपली जाहिरात दिसली, त्याची ती यादी. इतके दिवस ती तिने पाहिलीच नव्हती.

घोडा होता. सोमवारी, दुपारी, एका माणसाने त्यावरून आपल्या जाहिरातीवर क्लिकही केलं होतं.

'कार ट्रान्सपोर्ट' हा शब्द तिने मोकळा सोडला होता. मोकळ्या शब्दाला गूगल आपल्या मनाने सोयरे जोडतं. म्हणजे पहिलं सॉफ्टवेअर खोटं नव्हतं. विकत घेतलेले शब्द आणि अपघाताने लागलेले, दोन्ही ते दाखवत होतं. चूक तिची होती.

मग बड्या कंपनीच्या दोनशेतही असे घोडे असणारच! ते वेगळे कसे काढायचे? तिने पहिल्या सॉफ्टवेअरमधल्या मागच्या सहा महिन्यांच्या रकान्यांवर बोट फिरवलं. घोडा एकाच महिन्यात दिसला होता, तिचे तीस मात्र दर महिन्याला. महिनेवार हिशेब फक्त पहिल्यातच होता. त्या दोनशेंतले सहाही महिने टिकलेले मोजले, तर निघाले तेवीस.

शनिवारी देवापुढे हात जोडताना तिने काही मागितलं नाही. खोटं वदवू नकोस, एवढंच म्हणाली.

"पहलावाला लीजिए," तिने मोहनजींना सांगितलं, "पर सिर्फ़ वही शब्द मानिए जो छह महीने टिके हों. ये रहे तेईस." आणि श्वास घेऊन म्हणाली, "एक बात और. मेरे शब्द खुले रह गए थे. हमारा विज्ञापन घोड़ेवालों को भी दिखा."

मोहनजींनी चष्मा काढला. "एजेन्सीवाला ये कभी न बताता," ते म्हणाले. मग नयनाकडे वळले, "बेटा, सोमवार से फ़ोन तुम उठाओगी."

"हाय राम!" नयना म्हणाली.

यमुना लगेच ती लांबलचक यादी घेऊन बसली. नको ते शब्द एकेक करून बंद करायचे होते. घोडा गेला. क्रेन गेली. ट्रक-ड्रायव्हरच्या नोकऱ्या गेल्या. कुणीतरी रोमन अक्षरांत विचारलं होतं, 'तुलसी का गमला ट्रक में जाएगा क्या.' कोण असेल ही बाई? कुठून कुठे निघाली असेल? यमुनेचा हात थबकला. हे तिने बंद केलं नाही. कंपनीच्या पानावर कुंडी कशी बांधावी, याच्या चार ओळी लिहायला घेतल्या.